पारावर लावलेली बोली

माहा जन्म हिंगणीचाच. बापाचं किराण्याचं दुकान होतं, तराजू धरून धरूनच मी मोठा झालो, म्हणून कोणाच्या चुलीवर काय शिजते हे मले ठाऊक असे. काय सांगू तुम्हाले, त्याच्याचमुळं दवाखान्यावाल्यायनं मले कामावर धरलं. नव्वदच्या नंतरची गोष्ट आहे. डॉक्टरबाई महिन्यातून एकदा गावात येणार, अन् त्याच्यासाठी सुगीवर घरटी जवारी द्यायची. लोकं खुशीनं किती देतीन, ते काढायचं काम माह्याकडं. बाईनं बजावलं होतं, भाऊ, घरोघरी जा, एकेकाला एकटं विचारा.

मी गेलोच नाई. उन्हात कोण फिरते? संध्याकाळी सगळ्यायले पारावर बोलावलं, अन् गणपतीच्या नारळाची लावतो तशी बोली लावली. एक पायली! तं पाटील म्हणे, काऊन बे, माह्या घरची माणसं एका पायलीची आहेत काय? दोन! मंग बाकीचे कसे मागं राहतीन, गेलं तीनवर. माही चुलती शांताकाकू, विधवा बाई, दुसऱ्याच्या वावरात निंदाले-खुरपाले जाये, तिनंही हात वर केला, तीन. सगळे हासले, वा काकू! मीही हासलो. अन् बाईले जाऊन सांगतलं, घरोघरी इचारलं, घरटी तीन पायल्या देतेत.

सुगी आली, माप मीच भरून घेऊन राह्यलो, अन् काकू आली नाई. नसली जवारी तरी या, असं बाई म्हणत. पण काकू म्हणे, चारचौघात बोली देऊन खाली हातानं कशी जाऊ बापा? तिले शुगर, तळपायाले जखम. डॉक्टरबाई पाराजवळ बसून राहे, अन् ही घरी जखमेत हळद दाबून. मले सारं समजत होतं. पण आकडा खोटा आहे म्हणावं, तं मी घरोघरी फिरलो नाई हे निघते, अन् मले तिथंच नोकरीत पक्कं करणार होते. गप राह्यलो. जखम चिघळत गेली, अन् काकूचा पाय गुडघ्यापासून कापला.

मंग तिले माह्याच घरी आणलं. गाव म्हणे, पुतण्या असावा तं असा. मी खाली मान घालून ऐके.

अवंदा सांगूनच टाकलं तिले सगळं. बाजेवर लसूण सोलत होती, हात काही थांबले नाई. म्हणे, घरी येऊन एकटीले इचारलं असतं तं मी अर्धी पायली म्हटलं असतं, अन् तू अर्धीच लिहून नेली असती. त्या दिवशी मी पाटलाच्या वर बोलली, जिंदगीत एकदाच. त्या बोलीले चूक म्हणू नको.

आता सांगा, माफी मागू तं कोणाले? तिनं लसणाचं ताट माह्याकडं सरकवलं, म्हणे, सुखी राह्यजो बावा. मी ताट ओढलं अन् लसूण सोलाले बसलो.