राखेनं घासलेली बाटली

भालकीच्या स्टँडवर हैदराबादची गाडी लागली, तरी बाकावरच्या दोघी मायलेकी उठेनात. शेजारी उदगीरच्या गाडीसाठी ताटकळलेल्या अंबुबाईनं पदर कानामागं सारला.

“अव्वा, सीलबंद बाटली कामून उघडलीस?”

“वास मारायली व्हती, दानेश्वरी. तीन डाव राखेनं घासली, मंग पेयाचं पाणी भरलं. वाटंत लागंल म्हनून.”

“ते मी कामाला हाय त्या बंदरातल्या खाडीचं पाणी व्हतं. मी हैदराबादला तपासायला नेत व्हते.”

“तिथं समुद्राकाठी तपासनारे न्हाईत का?”

“हायत की. भरतीच्या टायमाला येतेत, स्वच्छ पाणी भरून नेतेत. कारखाने घाण सोडतेत ओहोटीला.”

“आन् मासे?”

“खाडीतले मेले. कोळी आता लांब दर्यात जायलेत.”

“तीन डाव घासल्याबिगर वास जाईना, तवाच मला कळाया पायजे व्हतं.”

“ऱ्हाऊ दे. आता परत जाते, ओहोटीला पुन्हा भरते.”

“मंग तोंड का उतरलं?”

“बाटलीच्या चिठ्ठीवर साक्षीदार लागतो. ह्या बाटलीला एका म्हाताऱ्या कोळ्यानं सही दिली, तर त्याच्या पोराला कारखान्यातून काढलं. तिथं घरटी एक मानूस कारखान्यात हाय. आता कोन देनार सही?”

हैदराबादची गाडी निघून गेली. उदगीरची लागली, पण अंबुबाई जागची हलली नाही.

दानेश्वरीच्या अव्वानं बाटलीतलं पाणी बाकाखाली ओतलं आणि झाकण घट्ट लावलं.

“माझं तिथं कारखान्यात कोनी न्हाई,” ती म्हणाली. “अंगठा चालतो का?”