बाबांच्या धनुष्याची मजबुती

चहा घे गो, पण भिंतीवरच्या त्या धनुष्याचं कौतुक माझ्यासमोर नको करू.

ते माझ्या बाबांचं. तरुणपणी रोह्याला ते घेऊन स्पर्धा खेळायचे. दोन्ही टोकं पुढं वळलेली, पण लाकूड एका जागी तडकलेलं. माझा नवरा धाटावच्या कंपनीत टाक्यांना आतून फायबर लावतो. धनुष्याला त्याने जन्मात हात लावला नव्हता, तरी म्हणाला, "बाबा, माझ्याकडं द्या. असं मजबूत करतो, वरून ट्रक गेला तरी मोडणार नाय."

टाकीला चढवतात तसे रेझिन आणि फायबरचे थरावर थर चढवले त्याने. वाकवून दोरी बांधायला तीन माणसं लागली, तरी त्याला शंका नाय आली.

बाबा पेणला आमच्याकडं आले ते दोरी ओढताना बोटांना लावायचं जुनं चामडं खिशात घेऊनच. दोरी ओढली, इंचभर हलेना. पुन्हा ओढली. तरी तेच.

नवरा हसून म्हणाला, "बाबा, वय झालं आता तुमचं."

"व्हय," बाबा म्हणाले, आणि ते चामडं माझ्या हातात ठेवलं. "मला आता काय करायचंय."

त्यांना रोह्याच्या गाडीत बसवून मी घरी आले, तर नवरा एकटाच दोरी ओढत उभा. मान लाल झाली होती, दोरी जागची हलली नव्हती.

मला बघून म्हणाला, "नवीन काम हाय ना, अजून मोकळं नाय झालं."