किल्ली एकाचीच

अतिदक्षता विभागाबाहेर आपल्या माणसासाठी बसलेल्या शेवंताबाईंच्या कानावर शेजारच्या बाकावरचं बोलणं पडत होतं. अपघातात सापडलेल्या योगेंद्रची बायको नूतन आणि त्याचा भागीदार पियुष बोलत होते.

“वहिनी, सावद्याच्या केळीबाजाराचे बठ्ठे सौदे, एकूण एक, आमच्या ब्लॉकचेनवर अडकलेत. पैसे सुटत नाहीत म्हणून गाड्या उभ्या, केळी त्यांतच पिकत चालली. उघडायची किल्ली, म्हणजे पासवर्ड, फक्त योगेंद्रकडे.”

“दुसरी का नाही ठेवली?”

“मी म्हटलं होतं, दोघांपैकी कोणाच्याही सहीने उघडेल अशी रचना करू. तो म्हणाला, माझ्यावर भरोसा नाही का?”

नर्स बाहेर आली. “शुद्धीवर आलेत. घरचं एकच माणूस चला.”

नूतन उठली. “काय विचारू?”

“पासवर्ड बारा शब्दांचा आहे. ते शब्द, ओळीने.”

“आणि बाराच शब्द बोलता आले त्यांना, तर तेही किल्लीलाच द्यायचे?”

शेवंताबाईंनी पाय आखडून नूतनला वाट करून दिली.