वाढलेलं प्रत्येक ताट

…आणि त्या फोनवरच्या पोरीनं मला विचारावं, "आजी, भात किती ग्रॅम होता?" मला. गिरणगावात वीस वर्षं खानावळ चालवली मी, चाळीस गिरणी कामगार दोन पाळ्यांत माझ्या हातचं जेवून गेले, कोणाला आज किती भात लागणार हे त्याच्या चपला काढण्यावरून कळायचं मला, आणि ही मला ग्रॅम विचारते! शाळेचं तोंड पाहिलं नाही, पण जेवायला येणाऱ्यांना गावची पत्रं वाचून दाखवता यावीत म्हणून पुडीच्या कागदांवरून अक्षरं शिकले, तेव्हा मला शिकवायला येणाऱ्यानं जरा जपून यावं. पण ऐकून घेतलं. का घेतलं सांगू? मला जिना उतरायचाय. माझ्या पायांनी.

तुम्हाला सांगते, भांडुपची आमची इमारत, चौथा मजला, लिफ्ट नाही, चौसष्ट पायऱ्या. आठ महिने झाले, मी खाली गेले नाही. शेवटची गेले ती डॉक्टरकडे, तीही प्लास्टिकच्या खुर्चीत, एका बाजूला माझा राजेश, दुसऱ्या बाजूला वॉचमन आणि मध्ये मी, विसर्जनाला निघाल्यासारखी. त्या दिवशी मला वर आणताना राजेशची कंबर जी गेली ती अजून पट्ट्यात आहे. आणि डॉक्टर काय म्हणाला? "बारा किलो कमी करा, मग गुडघे बदलू." म्हणजे बघा हं… चालता येत नाही म्हणून वजन उतरत नाही, वजन उतरत नाही म्हणून गुडघे मिळत नाहीत, आणि गुडघे नाहीत तर चालू कशावर, त्याच्या टेबलावर?

तरी मी गप्प होते. पण श्रावणात तिसऱ्या मजल्यावरची संघमित्रा गेली. माझ्याच वयाची, रोज संध्याकाळी वर यायची, माझ्या चहाला नावं ठेवून दोन कप प्यायची. ती गेली आणि मला एक मजला उतरून तिचं तोंड बघता आलं नाही. दारातून वाकून ऐकत होते नुसती. आमच्या जिन्याची वळणं अरुंद, आडवं माणूस वळत नाही. "उभी करा, उभी करा," असं खालून कोणीतरी म्हणालं. प्रत्येक वळणावर तिला उभी केली हो… ती पंचेचाळीस किलोची. मी ब्याण्णव. माझ्या वेळी काय करतील? राजेश तर पट्टा बांधून उभा! म्हणून म्हणते, मला जिना उतरायचाय. माझ्या पायांनी. एकदा तरी, आधी.

मग नातीनं, श्रुतिकानं, मोबाईलवर हे वजन उतरवायचं ॲप शोधून काढलं. सात दिवस फुकट बघायचं, आठव्या दिवशी घ्यायचं की नाही ठरवायचं, घेतलं तर सहा महिन्यांचे पैसे आधी. राजेश म्हणाला आई घेऊ, सून म्हणाली भाकरी कमी करा की, त्याला पैसे कशाला, आणि श्रुतिका म्हणाली आजी तू ठरव. ठरवते, म्हटलं. मी तांदूळसुद्धा दाताखाली चावून बघितल्याशिवाय घेतला नाही कधी.

फोनवरची पोरगी इरावती. गोड बोलते. पहिल्या दिवशीच मला नियम सांगितला, "आजी, घरात तुमच्या हातून वाढलेलं प्रत्येक ताट मला दिसायला हवं, जेवायच्या आधी फोटो." बरं. मी कामात खाडा करणारी बाई नाही. सात दिवस एकही ताट चुकवलं नाही, पाव भाकरीचासुद्धा फोटो.

सातवा दिवस निघाला सर्वपित्री अमावस्या. आमच्या ह्यांचं पान. बसल्या बसल्या सगळं केलं मी, वडे, काळ्या वाटाण्याचं सांबारं, खीर, भोपळ्याची भाजी, भाताची मूद. पान वाढलं, आणि नियम म्हणजे नियम, काढला फोटो, पाठवला. मग पान खिडकीच्या जाळीवर ठेवलं, गच्चीवर कोण चढणार? कावळा लगेच आला. जिवंतपणीसुद्धा जेवायला कधी उशीर केला नाही ह्यांनी.

तासाभरात फोन. "आजी, तीन वडे? खीर? एवढं एका वेळी? सगळ्या आठवड्यावर पाणी पडलं."

"मी नाही खाल्लं गं. आमच्या ह्यांचं होतं."

"अच्छा, आजोबांचं! मग त्यांचंही बघायला हवं. त्यांचं वजन किती?"

"आता काही नाही, बाई. बावीस वर्षं झाली."

  मग ती हळूच म्हणाली, सॉरी आजी. तेव्हा तो गोड सूर गेला होता तिचा, माणसासारखी बोलत होती, म्हणून मी विचारून घेतलं. म्हटलं, खरं सांग, तुझ्या ह्यानं मी खाली उतरेन का?

"आजी, नका घेऊ हे," ती म्हणाली. "हे चालणाऱ्या-फिरणाऱ्यांसाठी आहे. तुमच्या डॉक्टरांच्या हॉस्पिटलात आहारतज्ज्ञ बसतात, गुडघ्यांचा व्यायाम शिकवणाऱ्या बाई असतात. फुकट बघतात. दर आठवड्याला जायचं फक्त."

"जायचं म्हणजे जिना उतरून ना?"

"हो," म्हणाली. मी म्हटलं, आणि घेतलं तर तू काय करशील? म्हणाली, रोज फोन करीन, खुर्चीत बसून करायचे व्यायाम सांगेन, किती उतरेल ते नाही सांगू शकत.

"आणि पैसे नाही भरले तर?"

"तर उद्यापासून माझा फोन येणार नाही, आजी."

खरं बोलली. खोटं बोलली असती तर नाहीच घेतलं असतं, तुम्हाला सांगते. संध्याकाळी राजेश आला, पट्टा सोडत होता, त्याला म्हटलं, भर. म्हणाला, आई, फायदा होणार का? म्हटलं, फुकटचं सगळं खाली आहे रे, चौसष्ट पायऱ्यांखाली. वर येतं ते विकतच घ्यावं लागतं.

फुकट वर येतो तो एक कावळा… आणि त्यानं खाल्लेले तीन वडे त्या मोबाईलमधून पुसता येत नाहीत म्हणे, तेही माझ्याच नावावर.