खिंडीतली अडलेली

ए अंकुश, कुठं निघालास? खिंडीतून? सडकेनं लांब पडतं म्हणून? बस खाली आधी! फटफटीची किल्ली ठेव खिशात. सरका रे सगळे शेकोटीजवळ, आणि ऐका. गोष्ट संपल्यावर ज्याला खिंडीतून जायचंय त्यानं खुशाल जावं. मी अडवणार नाही. अडवणारी तिथं दुसरी आहे.

तर ऐका. आपल्या वरच्या आळीत नथू मरगळे राहायचा. अंगानं दांडगा, डोक्यानं तापट. त्याची बायको हौसा, तीही काही कमी नव्हती. तो एक बोलला की ती चार ऐकवायची. त्यांचं भांडण लागलं की आळीतल्या बाया पाण्याला जायचं लांबवायच्या, एवढं रंगायचं!

आता त्यांच्या कुंपणावर कळलावीचा वेल होता. पाहिलाय ना कळलावी? पानाचं टोक वाघनखासारखं वळलेलं, फूल खाली पिवळं, वर लालभडक. दिसायला देखणं, पण मुळी जहर! पोटात गेली तर माणूस हाती लागत नाही. कुणीतरी शेजारीण नथूला म्हणाली, "दारात कळलावी असल्यावर घरात कळ लागणारच. काढून टाक, भांडणं थांबत्याल." झालं! नथूनं आषाढात पहार घेतली, वेल मुळासकट उपटला आणि दिला ओढ्यात फेकून. भांडणं थांबली? कशाची थांबतायत!

पण बाबांनो, कळ काय फक्त भांडणाची असते? बाळंतिणीच्या पोटात उठते ती पण कळच की! जुन्या सुइणींनी वेलाला नाव दिलं ते त्या कळेवरून. हे नथूला कुणी सांगितलं नाही. त्यानंही विचारलं नाही.

भादवा आला. हौसाला दिवस भरलेले. पहाटे पोटात दुखायला लागलं, दिवसभर दुखलं, आणि तिन्हीसांजेला कळा बसल्या. थांबल्याच! मूल आत, कळ नाही. बाई अडली. नदीला पूर, तालुक्याला न्यायची सोय नाही. धुरपा सुईण उशाशी बसलेली. तिचा एक पाय लुळा, पण हात असा की निम्मं गाव तिच्याच हातावर जन्मलेलं. ती बाहेर आली आणि नथूला म्हणाली, "कळलावीची मुळी आन. उगाळून तळव्यांना लावते, बेंबीवर लावते. नुस्ती वरनं. कळ परत येती. जा, तुझ्या कुंपणावरच हाय की वेल!"

नथूचं तोंड उतरलं. "मावशी, म्या उपटला त्यो."

आत हौसानं ऐकलं. तिनं फक्त मान वळवून नथूकडं बघितलं. एक शब्द बोलली नाही. अरे, आयुष्यात पहिल्यांदा ती बाई गप्प बसली!  नथूला वाटलं, हिनं शिव्या द्याव्यात, मारावं, पण असं बघू नये.

आता कळलावी उरली कुठं? खिंडीपलीकडं, वाघजाईच्या राईत. नथूनं कंदील घेतला, पहार घेतली. धुरपानं दंडाला धरून सांगितलं, "दोन गोष्टी ध्यानात ठेव. मुळी एकदा वर काढली की भुईला टेकवू नको. टेकली की कळ भुईत जाती, मुळीत काय उरत न्हाई. आन दुसरं, मूल सुटलं की त्या घडीला मुळी पुसून काढायची. न्हाई पुसली तर कळ थांबत न्हाई. बाईला आतून ओढून काढती."

निघाला. पाऊस भुरभुरत होता. खिंड कशी आहे ठाऊक आहे ना? दोन्ही बाजूंनी कातळ, मधून एक माणूस जाईल एवढी वाट. तिथं पूर्वी ठकू नावाची पोर गेली होती. अडली होती, झोळीत घालून तालुक्याला नेत होते. खिंडीतच संपली, मूल पोटात ठेवून. तेव्हापासून लोक तिला नावानं हाक मारत नाहीत. अडलेली म्हणतात. आणि अडलेली वाट अडवते.

पण जाताना काही नाही हं! अगदी काही नाही. नथू राईत पोचला, वेल शोधला, खणला. हाताएवढी मुळी निघाली, दोन फाट्यांची, नांगरासारखी. सागाच्या पानात गुंडाळून उजव्या मुठीत धरली, पहार तिथंच टाकली आणि धावत सुटला.

खिंडीच्या तोंडाशी एक बाई उभी. पायाशी लाकडाची मोळी. "दादा, एवढी मोळी डोक्यावर दे रं उचलून."

आपण कुणीही काय करू? बाईमाणूस, पाऊस, मोळी. हात लावणारच की! नथूनं कंदील दगडावर ठेवला. मोळीला दोन हात लागतात. मुळी कुठं ठेवावी म्हणून तो खाली वाकला, आणि कंदिलाच्या उजेडात त्याला तिचे केस दिसले. कोरडे! अरे, नथूच्या मिशीतून पाणी गळतंय आणि हिचे केस कोरडे! नथूनं कंदील उचलला आणि पळाला.

पळतोय, पळतोय, आणि समोरून हाक! धुरपाची! "नथू रं! सुटली हौसा! ल्योक झाला! टाक ती मुळी, मोकळा ये!"

काय वाटलं असेल त्याला? रडायलाच लागला. मूठ सैल झाली, पान निसटायला लागलं... आणि त्याच्या डोक्यात आलं. लुळ्या पायाची धुरपा खिंडीत चढून आली कशी? त्यानं मूठ आवळली. तशी ती हाक हसायला लागली. समोरून, मागून, कातळातून! कंदील भप्पकन विझला.

अंधार. नथू कातळ चाचपत पुढं सरकतोय. आणि पायाशी कुणीतरी कण्हलं. "धनी..."

हौसाचा आवाज! तिच्या काकणांचा आवाज! "धनी, म्या चालत आले. आता न्हाई व्हत. तुम्हीच उपटला वेल. तुम्हीच मारलंत मला."

नथू मटकन बसला. सगळं कळत होतं त्याला, ही हौसा नाही. पण बोलत होती ते खरं होतं ना! घरी हौसा जे बोलली नाही, तेच ही बोलत होती. थंडगार हातानं तिनं त्याचा घोटा धरला. सोडीना. लाथा मारल्या, देवाचं नाव घेतलं, नाही! हात वर वर सरकायला लागला, गुडघ्यापर्यंत आला. तिकडं हौसा मरतेय आणि हा इथं खिळलेला. नथू ओरडला, "काय पायजे तुला? सोड की गं! माझी बायकू अडलीया!"

तेव्हा आवाज बदलला. अगदी कोवळ्या पोरीचा झाला. "म्या बी अडलीया, दादा. लई वर्सं झाली. कुनीच मुळी आनली न्हाई."

ऐका आता. नथूनं मुळीचे दोन फाटे हातात धरले आणि कट्टकन मोडले. एक दातात धरला. हो, जहर! ओठ भाजल्यासारखे झाले, पण खाली ठेवायचा कुठं? दुसरा पावसानं ओल्या कातळाच्या भिंतीवर घासला, आणि अंधारात चाचपून तिच्या तळपायांना लावला. कसे होते ते पाय? नदीतल्या गोट्यांसारखे.

असली किंकाळी उठली की कातळाचे दगड सुटले! गुडघ्यावरचा हात निघाला. नथू उठला आणि धूम पळाला. मागं एक पोर रडलं. नुकतं जन्मलेलं, ट्यां ट्यां करत. आणि त्यामागून ती. "दादा! सुटले रं! पुस आता! मुळी पुस, दादा!"

नथू थांबला. थांबला बरं का! धुरपाचे शब्द आठवले. मागं ती, पुढं हौसा. दोन पावलं तो मागं आलासुद्धा. "पुस रं, दादा, कळ थांबंना!" मग त्यानं कानांवर हात दाबले आणि घराकडं पळाला. काय करेल बिचारा?

घरी धुरपानं त्याच्या दातातला फाटा ओढून काढला, वाटीभर तूप पाजून त्याला ओकायला लावलं, मुळी धुतली, उगाळली, लावली. कळ आली. उजाडता उजाडता हौसा सुटली, मुलगी झाली. धुरपा पुसायला वळते तर नथू आधीच पुसत होता. हौसाचे पाय पुसतोय, पुसतोय, कातडी लाल झाली तरी थांबेना. हौसाच ओरडली, "अवो, कातडं सोलताय का माझं!" ती ओरडली तसा तो हुंदके देऊन रडायला लागला.

नथू पुढं म्हातारा होऊन गेला. पण खिंडीत पाय टाकला नाही. आणि जायच्या आधी चार दिवस शुद्ध नव्हती, तर उजवा हात गोधडीवर सारखा घासत होता. पुसल्यासारखा. हौसानं तो हात धरून ठेवला, तरी तिच्या हातात बोटं हलतच होती.

आता सांगा. पूर्वी ती नुसती अडलेली होती. आता तिचं पोर सुटलंय, पण कळ थांबलेली नाही, आणि ती थांबवणारा माणूसही गेला. त्या वाटेनं रात्री जाणाऱ्या प्रत्येकाला ती एवढंच म्हणते, "पुस रं, दादा." तिला पुसायला खाली वाकलेला मात्र कुणी परत उठलेला नाही.

अंकुश, तुझी बायको माहेरी आहे, दिवस भरलेत ना तिचे? म्हणूनच घाई आहे तुला, कळतंय मला. फोन कर, तिला आत्ताच दवाखान्यात न्यायला सांग. आणि तू जा सडकेनं. उशीर झाला तरी चालेल, बाबा. त्या वाटेनं कधी जाऊ नको.