रिकामं भांडं

माझं माहेर वर डोंगरात, भातखाचराचं, आन दिलं मला येडगावात, मालक धरणात जाळं टाकायचे, तवापासनं मी मासंच साफ करतीया. तर काय सांगू तुमाला भाऊ, एका सालाला मासा चिरला तर एकाच पोटात नराचं पांढरं बी आन मादीची अंड्यांची गाबोळीबी. मालक म्हणले, तुला चाळशी लागली. मी म्हणले, डोळं जातील, पण माझी बोटं खोटं बोलायची न्हाईत.

तवा पुण्याच्या कालेजातल्या एक मॅडम नदीचं पाणी तपासाया यायच्या, त्यांना दावलं. त्या म्हणल्या, मावशी, पिकावरच्या फवाऱ्याची औषधं, साबणाचं पाणी नदीत उतरतं, त्यात असं काय काय असतंय की नरात मादीचं लक्षण धरतं. माझी लेक पोटुशी, पहिलटकरीण, बाळंतपणाला आलेली, हेच पाणी पीत व्हती. मी म्हणले, सांगा काय करायचं ते. त्यांनी काचेच्या बाटल्या दिल्या, दर म्हैन्याला नदीचं पाणी भरून ठेवा, बाकी हात लावू नका.

आता आमच्यात दुसऱ्याचं भांडं लख्ख घासून द्यायची रीत, म्हणून मी बाटल्या साबणाच्या पावडरीनं तीन-तीनदा घासल्या आन मग भरल्या. मॅडम आल्या, इचारलं बाटली कशानं धुतली, मी सांगितलं, त्या कपाळाला हात लावून बसल्या. साबण पाण्यात उतरला, सगळं पाणी फुकट. लई रडले मी.

आन गावाला तेच पायजे व्हतं. टमाट्यावाले बागाईतदार दारात आले, म्हणले, बघा, नदी चांगलीच व्हती, हिच्याच साबणानं पाणी नासलं, उगं मालाची बदनामी, त्या बाटल्या मॅडमला परत देऊन टाक. मालकबी म्हणले, दे बाई. मी उंबऱ्यात हुभी ऱ्हायले. म्हणले, माझ्या चिमूटभर पावडरीनं बाटली नासती, मग आख्ख्या गावाच्या साबणानं आन फवाऱ्यानं नदी नासत न्हाई व्हय? आन बाटल्या घरात नेऊन ठिवल्या.

लेक सुखरूप बाळंत झाली, देवाची किरपा, नात आता शाळंत जाती. माझं गुडघं गेलं, पण दर म्हैन्याला काठी टेकत पाण्यावर जाते, बाटली धूत न्हाई, निस्ती भरते. अजून कुणी ना कुणी म्हणतंच, म्हातारे, दे की त्या बाटल्या परत. देते ना, मॅडम आल्या की त्यांच्या हातात देते. पण दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नसतं, आईनं शिकवलंय मला.