एडविनचं निळं कार्ड

छातीच्या डॉक्टरांच्या खोलीबाहेर हिल्डा विणत बसली होती. समोरच्या म्हाताऱ्या नवराबायकोच्या बोलण्यापायी तिचे टाके दोनदा चुकले.

"रिपोर्ट माझा आहे, एडविन. मी बसने एकटी आले असते."

"बसमध्ये ताटकळायचं कशाला? अपंगांची पार्किंगची जागा अगदी दारासमोर आहे. पण तिथे गाडी लावायचं निळं कार्ड माझ्या नावाचं. मी बरोबर नसताना वापरलंस तर दंड होईल."

"म्हणजे तू नियमासाठी आलास."

"फक्त नियमासाठी. घरी क्रिकेट सोडून आलोय."

"मग गाडीतच बसायचंस."

"गाडीत गारठा असतो. गुडघा धरतो."

"जूनमध्ये?"

"गुडघ्याला जून कळत नाही."

"बरं, पाय हलवू नकोस. मघापासून हलवतोयस."

"तो गुडघ्यामुळे हलतो."

"हा तर चांगला पाय."

दार उघडून नर्सने हाक मारली, "मिसेस नोरीन ओल्डरॉइड."

"जा तू. मी आहे इथे. कार्ड लावलंय, गाडीची काळजी नको."

"एडविन, त्या कार्डाची मुदत ईस्टरलाच संपली."

"तुला कुणी सांगितलं?"

"त्यावरच छापलंय. तू तारखेवर अंगठा ठेवून कार्ड दाखवलंस, तेव्हाच ओळखलं. म्हणून तुला दारात उतरवलं आणि गाडी पार मागे, पैसे भरून लावली."

"मग मला आणलंस कशाला?"

"घरी नुसतं क्रिकेट बघत बसला असतास म्हणून. ऊठ आता, आत चल. हात दे."